विंचूरची द्राक्षे आणि पश्चिमेची दोस्ती

मागच्या आठवड्यात मगरिबनंतर शेजारचे आप्पा आमच्या ओट्यावर येऊन बसले. यंदा पावसाने मे महिन्यापासून पाठ सोडली नाही. छाटण्या लांबल्या, वेलींवर घड मोजकेच आहेत. आम्हाला वाटले, आप्पा औषध-फवारणीचे रडगाणे गातील. पण चहाचा कप खाली ठेवत त्यांनी वेगळेच विचारले, "मास्तर, यंदा तो समुद्र खुला राहील ना? का पुन्हा आफ्रिकेला वळसा?"

निफाड तालुक्यातल्या बागायतदाराने लाल समुद्राची चौकशी करावी, असे तीन वर्षांपूर्वी कुणी म्हटले असते तर आम्हाला हसू आले असते. २०२४ च्या हंगामाने ते हसू घालवले. आपल्याकडची निर्यातीची द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून शीत कंटेनरमध्ये बसतात, एडनच्या आखातातून लाल समुद्रात शिरतात, सुएझ कालवा ओलांडतात आणि युरोपात, मुख्यतः नेदरलँड्सच्या बंदरात, उतरतात. त्या हंगामात जहाजे आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला, वळसा घालून जाऊ लागली. प्रवासाचे दहा-पंधरा दिवस वाढले, कंटेनरचे भाडे दुपटीच्या पुढे गेले. द्राक्ष हा नाजूक माल. जहाजावरचा प्रत्येक जादा दिवस घडाच्या देठावर दिसतो. आप्पांच्या बागेत ठरलेला सौदा व्यापाऱ्याने ऐन तोडणीच्या वेळी किलोमागे आठ रुपयांनी उतरवला. आप्पांनी हरकत घेतली तर तो म्हणाला, "माझ्याशी भांडू नका, त्या हूथींशी भांडा."

आमच्या घरातही त्याच समुद्राची धास्ती होती, पण कारण दुसरे. आमच्या घरच्यांचे माहेर दापोलीकडचे. कोकणातल्या मुस्लिम घरांत पिढ्यानपिढ्या कुणी ना कुणी जहाजावर असतोच. आमच्या साळीचा मुलगा मालवाहू जहाजावर इंजिन विभागात आहे. त्या मार्चमध्ये त्याचे जहाज एडनच्या बाजूला होते. ६ मार्च २०२४ रोजी त्याच आखातात 'ट्रू कॉन्फिडन्स' नावाच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडले आणि तीन खलाशी ठार झाले. आपल्या नौदलाच्या 'आयएनएस कोलकाता'ने २१ जणांना वाचवले, त्यांत एक भारतीय होता. जहाजाचे नाव बातमीत नीट कळेपर्यंत आमच्या घरात कुणी जेवले नाही. सहा दिवसांनी रमजान सुरू झाला. पहिल्या इफ्तारच्या वेळी पोराचा फोन आला तेव्हा त्याची आई बोलू शकली नाही, नुसती रडत राहिली.

लाल समुद्राच्या दक्षिण टोकाला जी अरुंद सामुद्रधुनी आहे तिचे नाव बाब-अल-मंदेब. अरबीत त्याचा अर्थ विलापाचा दरवाजा. वर्गात हे नाव आम्ही कैक वर्षे नकाशावर दाखवत आलो, अर्थ मात्र त्या रमजानमध्ये उमगला.

आप्पांचा प्रश्न साधा होता. अमेरिका, इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली यांच्याकडे एवढी आरमारे. या सगळ्यांची एकमेकांशी पाऊणशे वर्षांची दोस्ती. मग एक चिंचोळा समुद्र त्यांना खुला ठेवता येईना, हे कसे? या महिन्यात त्याच प्रश्नाची थोडी उकल करू.

आधी घडले काय ते पाहू. गाझावर इस्रायलचे हल्ले सुरू झाल्यावर येमेनमधल्या हूथींनी १९ नोव्हेंबर २०२३ रोजी 'गॅलेक्सी लीडर' हे जहाज हेलिकॉप्टरमधून उतरून पकडले. गाझाच्या बाजूने आपण हे करीत आहोत, असे त्यांचे म्हणणे. गाझातल्या लेकरांसाठी आपल्यापैकी कुणाचा जीव तुटला नाही? पण त्या जहाजावर होते कोण? फिलिपिन्स, बल्गेरिया, युक्रेन, मेक्सिको, रोमानिया इथले २५ नोकरदार खलाशी. त्यांना चौदा महिने डांबून ठेवले. गाझात बॉम्ब टाकणारा त्यांच्यात एकही नव्हता. त्या दिवसांत आमच्या मोबाईलवर जहाज पकडल्याची चित्रफीत शाबासकीच्या शेऱ्यांसह फिरत होती. आम्ही एका नातेवाइकाला उत्तर लिहिले, "तिथे आपलाच पोरगा असता तर?" त्यांनी दोन दिवस काही लिहिले नाही, मग चित्रफीत काढून टाकली.

१८ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेने 'ऑपरेशन प्रॉस्पेरिटी गार्डियन' या नावाने व्यापारी जहाजांच्या रक्षणासाठी आघाडी जाहीर केली. यादीत नावे बरीच होती. पण काही दिवसांतच स्पेनने आपण त्यात नाही म्हणून सांगितले. फ्रान्स आणि इटलीने आपली जहाजे अमेरिकेच्या नव्हे, आपल्याच हुकमतीखाली ठेवली. १२ जानेवारी २०२४ पासून अमेरिका आणि ब्रिटनने येमेनवर बॉम्बफेक सुरू केली. युरोपीय संघाने १९ फेब्रुवारीला 'अ‍ॅस्पिडीज' नावाची वेगळी मोहीम काढली. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ढाली. ही मोहीम फक्त बचावाची, येमेनच्या भूमीवर हल्ला करणार नाही, असे त्यांनी आधीच स्पष्ट केले. म्हणजे एकाच समुद्रात एकाच गोटाचे देश, पण मोहिमा दोन आणि मते तीन. आपल्या भारताने यांपैकी कुठल्याच आघाडीत नाव न घालता स्वतःची लढाऊ जहाजे अरबी समुद्रात आणि एडनच्या आखातात उभी केली.

हे सर्व चालले असताना नववीच्या वर्गात एका मुलीने विचारले, "सर, नाटोमध्ये एकावर हल्ला म्हणजे सगळ्यांवर हल्ला ना? मग नाटो का नाही गेली?"

प्रश्न ऐकून आम्ही खूश झालो आणि फळ्यावर नकाशा काढला. नाटोचा करार ४ एप्रिल १९४९ रोजी वॉशिंग्टनमध्ये झाला. तेव्हा १२ देश होते, २०२३ मध्ये फिनलंड आणि २०२४ मध्ये स्वीडन आल्यावर आता ३२ आहेत. त्या कराराचे पाचवे कलम सर्वांना ठाऊक असते, एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा. पण ते नीट वाचले तर पुढे असे आहे की, प्रत्येक देश स्वतःला आवश्यक वाटेल ती मदत करील. सैन्य पाठवायचे की औषधे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. त्याच्या पुढचे सहावे कलम फार थोडे लोक वाचतात. कराराची हद्द कुठवर ते त्यात सांगितले आहे. युरोप, उत्तर अमेरिका, भूमध्य समुद्र आणि अटलांटिकचा कर्कवृत्ताच्या उत्तरेकडचा भाग. बाब-अल-मंदेब कर्कवृत्ताच्या पुष्कळ खाली येते. तिथे जहाज बुडाले तरी करार जागा होत नाही.

मुलगी म्हणाली, "म्हणजे आपलं विंचूरपण कर्कवृत्ताच्या खालीच." वर्ग हसला. पण तिने अचूक बोट ठेवले होते. आपली द्राक्षे आणि आपली मुले ज्या पाण्यातून जातात, ते या कराराच्या हद्दीबाहेरचे पाणी आहे. तिथली सुरक्षा मर्जीची, हक्काची नव्हे.

आता खरी मेख. ज्या पाण्यावर करार लागू होतो, तिथे तरी भरवसा उरला आहे का? हा प्रश्न आता युरोपवालेच विचारू लागले आहेत.

पाचवे कलम आजवर एकदाच वापरले गेले, ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर, अमेरिकेसाठी. त्या हाकेला ओ देऊन डेन्मार्कसारखा लहानसा देश अफगाणिस्तानात गेला आणि चाळीसहून अधिक सैनिक गमावून बसला. ते युद्ध योग्य होते की नाही, अफगाण जनतेने त्यात काय सोसले, हा मोठा विषय आहे. इथे मुद्दा एवढाच की डेन्मार्कने शब्द पाळला. त्याच डेन्मार्कच्या ताब्यातले ग्रीनलंड आम्हाला हवे, असे २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प उघड म्हणू लागले आणि बळाचा वापर करणार नाही, असे सांगायलाही तयार होईनात.

लाल समुद्रातही तेच. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने येमेनवर पुन्हा जोरदार हल्ले सुरू केले. त्याआधी बड्या अधिकाऱ्यांची मोबाईलवर जी गुप्त बातचीत झाली, तिच्यात चुकून 'द अटलांटिक' मासिकाचे संपादक जोडले गेले आणि ती जगाला वाचायला मिळाली. उपाध्यक्ष व्हान्स यांचा सूर असा होता की, सुएझमधून अमेरिकेचा व्यापार जातो जेमतेम तीन टक्के, युरोपचा चाळीस टक्के, मग पुन्हा युरोपला आपणच का सोडवायचे? या कामाचा मोबदला युरोपकडून कसा वसूल करायचा, यावरही बोलणे झाले. दोस्ताच्या घराला आग लागली असताना बादल्यांचा हिशेब मांडावा, तसे.

६ मे २०२५ रोजी ओमानच्या मध्यस्थीने अमेरिका आणि हूथी यांच्यात समझोता झाला. अमेरिकेने बॉम्ब थांबवायचे, हूथींनी अमेरिकेच्या जहाजांना हात लावायचा नाही. दोनच महिन्यांनी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, 'मॅजिक सीज' आणि 'इटर्निटी सी' ही ग्रीक कंपन्यांची दोन जहाजे हूथींनी बुडवली. 'इटर्निटी सी'वरचे काही खलाशी जिवाला मुकले. ग्रीस हा नाटोचा जुना सभासद, १९५२ पासूनचा. मोठ्या दोस्ताने आपली जहाजे सोडवून घेतली, धाकट्याची बुडाली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अमेरिकेची तक्रार अगदीच खोटी नाही. युरोपातल्या श्रीमंत देशांनी वर्षानुवर्षे आपल्या संरक्षणावर हात आखडता ठेवला आणि भार अमेरिकेवर टाकला. ट्रम्प यांच्या आधीचे अध्यक्षही हे बोलत होते, फक्त सभ्य भाषेत. म्हणूनच जून २०२५ मध्ये हेगच्या बैठकीत नाटोच्या देशांनी २०३५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के रक्कम संरक्षणावर खर्च करण्याचे मान्य केले. स्पेनने तेवढे जमणार नाही म्हणून आधीच सांगून टाकले. पण पैसा वाढला म्हणून भरवसा वाढेलच असे नाही. उलट प्रत्येकाने आपापली बंदूक विकत घ्यायची ठरवली, की शेजाऱ्याच्या बंदुकीवर विसंबायचे कारण कमी होते.

२०२५ चा ९ सप्टेंबर आठवा. त्या दिवशी इस्रायलने कतारची राजधानी दोहा इथे हवाई हल्ला केला. कतारमध्ये अमेरिकेचा प्रचंड हवाई तळ आहे, तरी तो हल्ला झाला. आपल्यापैकी कित्येकांचे भाऊ, भाचे, जावई दोह्यात आहेत. त्या संध्याकाळी फोन लागेनात. त्याच रात्री युरोपच्या दुसऱ्या टोकाला रशियाचे ड्रोन पोलंडच्या हद्दीत घुसले आणि नाटोच्या विमानांनी त्यांतले काही पाडले. आठ दिवसांनी, १७ सप्टेंबरला, सौदी अरबस्तानने पाकिस्तानशी परस्पर संरक्षणाचा करार केला. जुन्या छत्रीला भोक पडले असे वाटले की माणूस दुसरी छत्री शोधतो. ही नवी छत्री भारताच्या दृष्टीने काळजीची आहे, हेही खरे.

यात पोलंडची धास्ती आपल्याला सगळ्यात जवळून कळायला हवी, कारण तिचा एक धागा कोल्हापुरापर्यंत येतो.

१९३९ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने पोलंडला शब्द दिला होता, तुमच्यावर हल्ला झाला तर आम्ही उभे राहू. १ सप्टेंबरला हिटलरचे सैन्य घुसले. दोघांनी ३ सप्टेंबरला युद्ध पुकारले खरे, पण पोलंडपर्यंत मदत पोचली नाही. १७ सप्टेंबरला दुसऱ्या बाजूने सोव्हिएत फौजा आल्या. लाखो पोलिश माणसे सैबेरिया आणि कझाकस्तानात पाठवली गेली. १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर त्यांना सुटकेची वाट मिळाली, आणि १९४२ मध्ये लाखाहून अधिक लोक, सैनिक आणि बायकामुले, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरले. इराण स्वतः तेव्हा परक्या फौजांच्या टाचेखाली, धान्याची टंचाई, तरी तिथल्या लोकांनी त्यांना आसरा दिला. इस्फहानला तर पोलिश मुलांचे शहर म्हणू लागले. तिथून हजारोजण भारतात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी इथे मुलांना ठेवून घेतले. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा मंच, सगळे होते. नव्हते फक्त परत जायचे गाव. कारण फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा इथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन बसले आणि पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत संघाकडे राहिला. वळिवड्यातल्या अनेकांची घरे त्याच भागात होती. ज्यांच्या बाजूने लढले, त्या दोस्तांनीच नकाशावर रेघ ओढली.

वळिवड्याच्या पोरांची नातवंडे आज पोलंडमध्ये मोठी झाली आहेत. म्हणून पोलंड १९९९ मध्ये नाटोत आला तरी नुसत्या सहीवर झोपला नाही. आज नाटोत राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानाने संरक्षणावर सर्वांत जास्त खर्च करणाऱ्या देशांत तो पुढे आहे. करार हवाच, पण करार मोडला तर काय, याचीही तयारी हवी, हे त्याला आजी-आजोबांनी शिकवले.

आपल्यालाही हा धडा नवा नाही. आमचे विंचूर म्हणजे विठ्ठल शिवदेव विंचूरकरांचे गाव. ते १७६१ मध्ये पानिपतावर होते. तिथे सूरजमल जाट आधीच बाजूला झाला होता, शुजाउद्दौला अब्दालीला मिळाला होता, आणि शेवटपर्यंत शब्दाला जागला तो तोफखान्याचा इब्राहिमखान गारदी. अब्दाली आपल्याच धर्माचा म्हणून तो फुटला नाही, आणि त्याची किंमत त्याने जिवाने चुकवली. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह केला. इंग्रजांची तैनाती फौज ठेवून घेतली, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कुणाशी तह करायचा नाही, हे मान्य केले. सोळा वर्षांनी पेशवाईच उरली नाही. दोस्त नसणे वाईट, पण एकाच बलाढ्य दोस्ताच्या पदरात सगळे टाकणे त्याहून वाईट.

आमच्याच तालुक्यातल्या ओझरला विमानांचा कारखाना आहे. तिथे रशियन मिग तयार झाले, सुखोई तयार झाले. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथून 'तेजस'च्या नव्या आवृत्तीने पहिले उड्डाण केले. तालुक्यातल्या पोरांनी माना वर करून पाहिले. पण त्या विमानाचे इंजिन अमेरिकेतून येते. २०२१ मध्ये मागवलेल्या ९९ इंजिनांतले पहिले यायला मार्च २०२५ उजाडला. म्हणजे पश्चिमेच्या दोस्तीचे काय होणार, हा प्रश्न ब्रुसेल्सला जेवढा आहे, तेवढाच ओझरलाही आहे.

आमचा अंदाज असा. नाटो उद्या मोडणार नाही. इमारत उभी राहील, बैठका होतील, झेंडे फडकतील. पण "काहीही झाले तरी येऊ" याच्या जागी "आमचा किती फायदा ते पाहून येऊ" असे होत जाईल. ज्यांच्याशी कुठलाच करार नाही अशा कर्कवृत्ताखालच्या लोकांना, म्हणजे आपल्या शेतकऱ्यांना, खलाशांना आणि आखातात राबणाऱ्यांना, त्याची झळ आधी बसेल.

२०२५ मध्ये गाझातल्या युद्धबंदीनंतर लाल समुद्र काहीसा शांत झाला होता. आप्पांना आम्ही तेच सांगितले, आणि वर एवढे की, सगळा माल एका निर्यातदाराच्या भरवशावर ठेवू नका, थोडा देशी बाजाराला, थोडा बेदाण्याला राखा, आणि भाडे वाढले तर तोटा कुणाचा, हे सौद्याच्या कागदावर आधीच लिहून घ्या. आप्पा म्हणाले, "कागदावर व्यापारी सही करंल का?" आम्ही म्हणालो, "नाही केली तर तेवढ्यावरूनच ओळखा."

भाच्याला जानेवारीत पुन्हा जहाजावर जायचे आहे. काल त्याचा फोन आला. "खालू, गेल्या वेळी कंपनीने विचारलं होतं, धोक्याच्या पाण्यात जायचं नसेल तर उतरा. पण उतरलो असतो तर पुढच्या वेळी घेतलं असतं का?" आम्ही त्याला नको जाऊस असे म्हटले नाही. त्याच्या बहिणीचे लग्न त्याच पगारावर ठरले आहे. एवढेच सांगितले, की करारात मार्ग कुठला, धोक्याच्या भागात जायला नकार देण्याचा हक्क आहे का, विमा किती आणि वारस म्हणून नाव कुणाचे, हे वाचल्याशिवाय सही करू नकोस. तो म्हणाला, "बरं, तुम्हाला कागद पाठवतो, आधी तुम्ही वाचा."

तो कागद अजून यायचा आहे. ज्या घरांतली मुले जहाजावर किंवा आखातात आहेत, त्यांनीही आजच मुलांकडून असा कागद मागवून घ्यावा आणि घरातल्या शिकल्या-सवरलेल्याने तो नीट वाचावा. मोठे देश आपापले करार वाचतील न वाचतील, आपला आपण वाचू.